एकवीस नंबरचं प्लास्टर

७ जानेवारी, मंगळवार

ही वही रेणूने पाठवली. म्हणाली, "आई, रोज दोन ओळी लिहीत जा, मन हलकं होतं." माझं मन काही जड नाही. चौतीस वर्षं दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये काढून नोव्हेंबरात रिटायर झाले, एवढंच. पण वहीचा कागद चांगला आहे, तो वाया कशाला घालवायचा.

चिक्कडपल्लीत आमच्या शेजारची बिल्डिंग पाडताहेत. दिवसभर घण आणि ड्रिल. घरात बसवेना म्हणून समोर आली ती बस धरली आणि म्युझियमला उतरले. तळमजल्यावर एक मोठी काचेची खोली केली आहे. आत डायनासोरची हाडं साफ करायचं काम चालतं, आणि बाहेर उभं राहून ते कुणीही बघावं.

आत तिघंजण होते. मधली मुलगी असेल तीस-बत्तीसची. डोळ्यांवर भिंग, हातात पेनाएवढी हवेवर चालणारी छिन्नी. दगडात अडकलेला एक मणका तिच्यासमोर वाळूच्या उशीवर ठेवला होता. जरा खरवडायचं, ब्रशने झटकायचं, थेंबभर पातळ गोंद सोडायचा, तो मुरेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबायचं. दोन तासांत तिने माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा मोकळी केली. एकदाही कुणी तिला "आटप" म्हणालं नाही. आमच्याकडे बाहेर चाळीस पेशंट आणि आत दोन स्टुलं असायची. असं थांबणं मी नोकरीत कधी बघितलं नाही.

पाय दुखले. उद्या जाणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

गेले. ड्रिल चालूच आहे.

११ जानेवारी, शनिवार

लॅबमधला यादगिरी बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. जड उचलणं, यंत्रं सांभाळणं, सगळं तो करतो. म्हणाला, "अम्मा, तुम रोज आ रे. महिने का पास बना लेव ना." भिंगवाल्या मुलीचं नाव डॉक्टर मृण्मयी. पुण्याची आहे. "बात कम, काम ज्यादा. आवाज भी नहीं चढाती," असं तो म्हणाला, आणि ते सांगताना त्याची मान जरा ताठ झाली, जशी मुलीचं कौतुक सांगताना बापाची होते.

आज मी काचेजवळच्या चाकांच्या टेबलावर एक गाठोडं बघितलं. रेडकाएवढं मोठं, पांढरं, जुनं होऊन पिवळट झालेलं. पुढे होऊन बघते तर काय, प्लास्टर! गोणपाटाच्या पट्ट्या भिजवून एकावर एक चढवलेल्या. मला हसूच आलं. चौतीस वर्षं जे केलं, ते इथे येऊन पुन्हा समोर उभं.

यादगिरीने समजावलं. जमिनीतलं हाड तसंच उचललं तर भुगा होतो. म्हणून मोडलेल्या पायाला घालतात तसं त्याला जागेवरच प्लास्टर घालतात. आधी वरच्या अंगाला. मग खालून खणून पूर्ण उलटं करायचं आणि उघड्या अंगाला दुसरं प्लास्टर घालून बंद करायचं. हे चाळीस वर्षांपूर्वी प्राणहितेच्या खोऱ्यातून आणलं आणि कोठीतच पडून राहिलं. सोबतचा कागद वाळवीने खाल्ला. आत काय आहे कुणाला माहीत नाही. एका अंगावर फक्त २१ आकडा उरला आहे.

आमचं सासर आदिलाबादकडचं. म्हणजे हे गाठोडं आमच्या गावाकडचंच म्हणायचं. सतरा कोटी वर्षांपूर्वीचं, एवढाच काय तो फरक.

ज्याने ते प्लास्टर घातलं त्याचा हात चांगला होता. कुठे बुडबुडा नाही, सुरकुती नाही. एका जागी चार बोटं दाबल्याची खूण अजून दिसते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रेणू आली, तिळाच्या वड्या घेऊन, विकतच्या. "आई, तू तिथे रोज जातेस? अलोन? उभी राहतेस?" म्हणाली, कोंडापूरला आमच्याकडे ये, तुझ्यासाठी रूम रेडी आहे, खाली वॉकिंग ट्रॅक आहे. मी म्हटलं बघू. तिला वाटतं मी एकटी पडले. मला तर दिवसभर वेळ मिळत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

बुधवारी, २२ तारखेला, एकवीस नंबर लोकांसमोर उघडणार असा फलक लावला आहे. पाहुणे येणार आहेत. गाठोडं उलटवून आकडा खाली केला आहे आणि वरच्या अंगावर मृण्मयीने निळ्या पेन्सिलीने कापायची रेषा ओढली आहे.

यादगिरीने कारण सांगितलं. आकडा नेहमी जमिनीत जे अंग वर होतं त्याच्यावर लिहितात. त्या अंगाला प्लास्टरच्या खाली लगेच हाड असतं. उलट्या अंगाला हाडाखाली चांगली चार बोटं माती राहिलेली असते. म्हणून कापायचं ते उलट्या अंगाने, म्हणजे करवत हाडाला लागत नाही. त्याचं म्हणणं पटलं.

पण मी जोड बघितला. दोन अंगं जिथे मिळतात तिथे कुठली पट्टी वर आहे ते बघितलं. आकड्याच्या अंगाच्या पट्ट्या दुसऱ्या अंगावर चढल्या आहेत. जे नंतर घालतात तेच वर चढतं, यात दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणजे आकड्याचं अंग नंतरचं. म्हणजे आकडा उलटवल्यावर लिहिला. म्हणजे निळ्या रेषेखाली लगेच हाड आहे.

काचेबाहेरून तिन्ही बाजूंनी फिरून बघितलं. चौथी बाजू भिंतीकडे आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज गेले नाही. कपाटं आवरली. जुन्या चादरी काढल्या, भांड्यांना राखुंडी लावून घासलं. ते सगळे शिकलेले लोक आहेत. त्यांच्याकडे मशिनं असतील, फोटो काढून बघितलंच असेल. मी बारावी.

१९ जानेवारी, रविवार

गेले. खूप गर्दी. यादगिरीला सहज विचारलं, याचा एक्स-रे काढला का? म्हणाला, "इत्ता बडा किधर मावता, अम्मा?"

मी घरची बस धरली. आज मल्लेश आठवला. त्याच्याबद्दल लिहायचं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

दहा वाजता दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. आत गेल्यावर काचेवर बोटाच्या पेराने तीनदा मारलं. 'काचेला हात लावू नये' असं तिथेच लिहिलं आहे. गार्ड धावत आला, "अम्मा, पीछे, पीछे." मी चौथ्यांदा मारलं.

मृण्मयीने मान वर केली. भिंग काढून बाहेर आली.

"काय झालं, आजी?"

"आजी म्हणू नका. मी प्लास्टर रूमला होते, चौतीस वर्षं. तुम्ही चुकीच्या अंगाने कापताय."

गार्ड हसला. ती नाही हसली. म्हणाली, "कशावरून?"

तोंडाने सांगता येईना. मग मी डाव्या मनगटाला पदर गुंडाळला, आणि त्याच्यावर तिच्याच गळ्यातली ओढणी मागून घेऊन गुंडाळली. "आता सांगा, आधी काय बांधलं आणि नंतर काय? काठ बघून सांगा." तिने काठ बघितला. माझ्याकडे बघितलं. ओढणी माझ्या हातातच राहिली आणि ती आत गेली.

टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसली. यादगिरीला टेबल भिंतीपासून ओढायला लावलं. चारी बाजूंनी बघितलं, बोट फिरवून बघितलं. वीस मिनिटं. मग उठून तशीच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. माझं नाव विचारलं, फोन नंबर घेतला. "उद्याचं कापणं होणार नाही," एवढंच बोलली आणि वरच्या मजल्यावर गेली.

फार रागावली असणार. यादगिरी म्हणाला तिची नोकरी कंत्राटी आहे, पाहुण्यांना पत्रं गेलेली आहेत. ओढणी मी गार्डकडे दिली.

२२ जानेवारी, बुधवार

काचेला आतून पडदा. बाहेर कागद: कार्यक्रम पुढे ढकलला आहे. वरंगलहून एक कुटुंब मुद्दाम आलं होतं, ते कागद वाचून परत गेलं. माझ्यामुळे.

रेणूला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, तू कशाला इन्व्हॉल्व झालीस? ते सायंटिस्ट आहेत ना?" खरं आहे तिचं. आता तिकडे जायचं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी यादगिरीचा फोन. "मॅडम बुला रे. आओ."

मला मागच्या दाराने आत नेलं. चप्पल काढायला लावली, डोळ्यांना चष्मा दिला. मृण्मयीने गाठोडं पुन्हा सुलटं केलेलं, आकडा वर. आकड्याशेजारी बोटाएवढं भोक पाडलं होतं. त्यात सळई घालून दाखवली. चार बोटं माती. मग कडेला वाकून खालचं अंग दाखवलं. निळ्या रेषेच्या टोकाला तिने हाताने, नखाएवढी जागा खरवडली होती. प्लास्टर, पोस्टकार्डाच्या जाडीचा मातीचा पापुद्रा, आणि लगेच तांबूस काळं हाड. करवत फिरली असती तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली असती.

"बसा," ती म्हणाली, आणि एक नोंदवही पुढे केली. प्रत्येक हाडाची वेगळी वही असते. कुणी कधी हात लावला, कुठला गोंद लावला, काय तुटलं, सगळं त्यात. इंग्रजी आहे. मी सावकाश वाचलं. २१ तारखेखाली तिच्या अक्षरात असं होतं: कापण्याची बाजू मी चुकीची ठरवली होती. आकड्यावरून अंदाज केला, पट्ट्यांचा जोड तपासला नाही. चूक श्रीमती कुसुम गव्हाणे, प्लास्टर रूम, निवृत्त, यांनी दाखवली. खाली तिची सही.

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे असंच ठेवणार?"

"हो."

"वरचे लोक वाचतील."

"वाचलं त्यांनी. दोन दिवस बोलणी खाल्ली." ती जरा हसली. "ताई, अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी हे हाड हातात घेईल. त्याच्यासोबत काय काय झालं ते त्याला खरं कळायला नको का?"

एवढी शिकलेली मुलगी, पुण्याहून आलेली, नोकरी पक्की नाही, आणि स्वतःच्या चुकीखाली स्वतःची सही करते. घरी आले. जेवण गेलं नाही. सकाळचा चहा जास्त झाला असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एकवीस नंबर उघडलं. मी उघडलं.

मृण्मयी म्हणाली, "करवत तुम्हीच धरा, ताई. माझ्यापेक्षा तुमचा हात बसलेला आहे." आमच्या दवाखान्यात होती तीच जात. पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं; कडक वस्तू कापतं, मऊ कातडीला धक्का लावत नाही. काचेपलीकडे शंभर माणसं. पहिली दोन मिनिटं ती दिसली, मग दिसेनाशी झाली. गोणपाट कापसाच्या पट्टीसारखं नसतं, पात्याला धरून ठेवतं, म्हणून बोटभर कापायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं. सव्वा तास लागला. यादगिरीने आणि आणखी दोघांनी झाकण उचललं. मग मृण्मयीने माती काढायला सुरुवात केली, आणि बांबूच्या कोरणीने, ब्रशने, तासातासाने ते वर आलं. मांडीचं हाड. उभं केलं तर माझ्या खांद्याला लागेल एवढं लांब. टोकाला उशीसारखं गोल. दगडाचंच झालेलं, पण सांध्याजवळ स्नायू धरायचे तिथे खडबडीत होतं, अगदी माणसाच्या हाडाला असतं तसं. मी हात जोडले नाहीत, पण जोडावेसे वाटले.

संध्याकाळी आवरताना वाकले तर माझा चष्मा हाडाच्या कडेला लागला आणि सुपारीच्या खांडाएवढा तुकडा निघाला. कुणी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून तुटलं."

"हलवू नका. कुठे?" तिने फोटो काढला, चित्र काढलं, वहीत लिहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. सही वाकडी आली. अर्ध्या तासात तिने तुकडा असा बसवला की मला जोड सापडेना. तो गोंदही असा की उद्या कुणाला काढून बघायचं असेल तर निघतो.

मला कुणी रागावलं नाही. यादगिरीने चहा आणला.

५ फेब्रुवारी, बुधवार

मल्लेशचं लिहिते.

२००३ साल, मार्च. बेगम बाजारात हमाल होता. मिरचीची पोती अंगावर आली आणि उजवा हात कोपराखाली मोडला. टॉवेलात हात धरून धावत आला, तासाभराच्या आत. डॉक्टरांनी घट्ट प्लास्टर घातलं. पट्ट्या मीच भिजवून देत होते. दुपारी त्याची बोटं सुजली, मग निळी पडायला लागली. तो म्हणत होता, "अम्मा, काटो इसको, जल रा." मी डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, बोटं बघता का?" साहेब म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा."

मी माझं काम केलं. करवत समोर खुंटीला होती. एक उभी चीर द्यायची, दोन मिनिटांचं काम. साडेतीन तास त्याची बोटं माझ्यासमोर होती. संध्याकाळी दुसरे डॉक्टर आले, त्यांनी कापलं, पण वेळ गेली होती. बोटं आत वळली ती वळलीच, पक्ष्याच्या पायासारखी. घरी जाताना त्याला जो कागद दिला त्यावर लिहिलं होतं, रुग्ण उशिरा दाखल. वेळेच्या रकान्यात मदतनीस म्हणून माझी सही घेतली. मी केली.

बावीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही. रेणूच्या बाबांनाही नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बेगम बाजारात गेले. हातगाडीवाल्यांना विचारत गेले. मल्लेश, हात वळलेला. तिसऱ्याने बोट दाखवलं.

एका मिरचीच्या गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसला होता, राखणीला. केस सगळे पांढरे. मी नाव सांगायच्या आतच म्हणाला, "प्लास्टर वाली अम्मा."

"ओळखलं?"

"हौ. तुम मेरी उंगलियां देख रे थे. मेरे को लगा, ये अम्मा कुछ बोलती."

मिरचीचा खाट नाकात जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हातांवरही तिखट बसलेलं, ते पुसायची सोय नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्लास्टर घट्ट होतं, ते मला कळत होतं, कापलं असतं तर हात राहिला असता, आणि मी कापलं नाही. वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "उस कागज पे लिखे थे ना, देर से आया बोल के?"

"ते खोटं आहे. तू वेळेवर आला होतास. खाली सही माझी आहे."

तो स्टुलावरून उठला. "ये बात मेरी घरवाली के सामने बोलो."

मागच्याच गल्लीत खोली आहे. चालता चालता त्याने सांगितलं. दवाखान्यातल्या कुणीतरी कागद वाचून दाखवला तेव्हापासून बायकोला वाटतं की तो आधी कल्लूच्या, म्हणजे ताडीच्या, दुकानात पीत बसला आणि मग दवाखान्यात गेला. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांची भांडी घासली, आणि बावीस वर्षं प्रत्येक भांडणात कल्लूचं दुकान निघालं. त्याने शपथा घेतल्या. पण कागदावर लिहिलेलं, त्याच्यापुढे त्याचं काय चालणार.

ती तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तेलुगूत पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती तांदूळ निवडतच राहिली. मी थांबले तेव्हा तिने एकच विचारलं, "किती वाजता आला होता?"

"साडेदहाला. पोती पडली तेव्हा साडेनऊ-पावणेदहा झाले असतील."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता जावं. मी चप्पल शोधत होते तेवढ्यात ती परत आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला तोच कागद, घड्यांवर फाटलेला, आणि शाळेतलं एक बॉलपेन.

"याच्यावर लिही," म्हणाली.

मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. मी मराठीत लिहिलं. मल्लेश वेळेवर आला होता. प्लास्टर घट्ट होतं. मी बघितलं आणि कापलं नाही. वर लिहिलेली वेळ खोटी आहे. कुसुम गव्हाणे, प्लास्टर रूम. आजची तारीख. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी तेलुगूत वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली. पुन्हा वाचलं.

मग तिने तो कागद मल्लेशला दिला. त्याने तो चांगल्या हातात धरला आणि त्याच्यावर नजर फिरवली. त्याने तो उलटा धरला होता. तिने त्याच्या हातातला कागद सुलटा करून दिला.